पहिला अँटेना: एक मीटर तार आणि नीट केलेलं मोजमाप

कोॲक्स केबलच्या (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेल्या केबलच्या) टोकाला अँटेनाऐवजी ५० ओमचा साधा रेझिस्टर लावून बघा. एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे केबलमधून सिग्नल किती परत फिरतो ते दाखवणारं उपकरण, जवळजवळ १.० दाखवेल, म्हणजे काहीच परत येत नाही. इतकं सुंदर रीडिंग तुम्हाला कुठलाच अँटेना देणार नाही. पण त्या रेझिस्टरकडून शेजारच्या इमारतीपर्यंतही धड काही पोहोचत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. अँटेना शिकायला येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच करून दाखवतो. नंतर महिनाभर तो मीटरच्या एका आकड्यामागे धावणार असतो. तो आकडा नक्की कशाचा आहे, हे त्याला आधीच ठाऊक असलेलं बरं.

हा लेख एकाच अँटेनाचा आहे: १४५ मेगाहर्ट्झचा अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल, म्हणजे मध्ये केबल जोडलेल्या तारेच्या दोन सारख्या भुजा. तो बनवायचा, मोजायचा, पुन्हा कापायचा आणि शेवटी त्यावर अंतराळस्थानकाचा संदेश ऐकायचा. दहा प्रकारच्या अँटेनांबद्दल वाचण्यापेक्षा एक अँटेना पूर्ण समजून घेतलेला फार उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

१४५ मेगाहर्ट्झ का? या फ्रिक्वेन्सीचा डायपोल जेमतेम एक मीटरचा होतो. घरात हाताळता येतो आणि गॅलरीत मावतो. मिलिमीटरभर चूक झाली तरी बिघडत नाही. भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा हौशी रेडिओचा पट्टा आहे. प्रक्षेपण करायचं असेल तर दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. परीक्षा देऊन तो मिळतो आणि १२ वर्षांच्या मुलालाही ती देता येते. इथलं काम मात्र ट्रान्समीटरला हात न लावता होणारं आहे.

सामान

घरच्या वायरिंगची २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, दीड मीटर. पीव्हीसीचा पाइप, इलेक्ट्रिशियन वापरतात ती कनेक्टर पट्टी, तीन मीटर आरजी-५८ कोॲक्स, तिच्या एका टोकाला एसएमए कनेक्टर. केबलवर बसणारे फेराइटचे क्लिप पाच-सहा. सोल्डरिंग आयर्न, पक्कड, मेजर टेप. आणि एक नॅनोव्हीएनए.

पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर यातलं बहुतेक सगळं मिळतं. कोॲक्स घेताना एकच काळजी घ्या. टोक सोलून दाखवायला सांगा. जाळी विरळ असेल, आतलं प्लास्टिक उघडं दिसत असेल, तर ती केबल घेऊ नका. ॲल्युमिनियमच्या दांड्या ताठ असतात, पण त्यांना साधं सोल्डर धरत नाही, स्क्रूनेच जोडावं लागतं. पहिल्या वेळी तांबंच बरं.

नॅनोव्हीएनए हे हाताच्या तळव्यावर मावणारं उपकरण आहे. ते स्वतः अगदी क्षीण सिग्नल पाठवतं, अँटेनाकडून किती परत आला आणि कोणत्या फेजमध्ये आला हे मोजतं, आणि हे काम एकामागून एक शंभर फ्रिक्वेन्सींवर करून आलेख काढतं. एकेकाळी अशी उपकरणं फक्त प्रयोगशाळांत असायची. एका जपानी हौशी अभियंत्याने त्याचं डिझाइन खुलं केलं आणि ते विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलं. ही मला या क्षेत्रातली फार मोठी गोष्ट वाटते.

लांबी काढणं

मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने ३०० ला भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४५ साठी ती २.०७ मीटर. अर्धी म्हणजे १.०३ मीटर. पण एवढी तार लावली तर अँटेना ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालीच रेझोनन्सला येतो, म्हणजे स्वतःच्या लयीत झंकारतो. तारेच्या टोकांपाशी विद्युतभार साठतो, त्यामुळे तार आहे त्यापेक्षा थोडी लांब असल्यासारखी वागते. म्हणून साधारण पाच टक्के कमी धरायचे आणि १५० (३०० चे निम्मे) ऐवजी १४२.५ ला भागायचं. १४२.५ भागिले १४५ म्हणजे ०.९८ मीटर. प्रत्येक भुजा ४९ सेंटिमीटर.

हा आकडा कागदावरचा आहे. तार जाड असेल तर लांबी आणखी कमी लागते. तारेवर प्लास्टिकचं आवरण असेल तर आणखी काही टक्के कमी. घरच्या वायरिंगची वायर आवरणासकट वापरलीत तर हा फरक आलेखावर स्पष्ट दिसेल. म्हणून सुरुवात ५२ सेंटिमीटरच्या दोन भुजांनी करा. कापलेली तार परत जोडण्यापेक्षा लांब तार कापणं सोपं.

७३ ओमचं काय करायचं

मोकळ्या जागेत, सरळ ताणलेल्या डायपोलचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) रेझोनन्सला साधारण ७३ ओम असतो. आपली केबल आणि उपकरण ५० ओमचं. यावरून नवखे लोक घाबरतात. हिशेब करून पाहू. ७३ ला ५० ने भागलं की एसडब्ल्यूआर १.४६ येतो. त्यात परत येणारी शक्ती साडेतीन टक्के. म्हणजे ०.१५ डेसिबल (डेसिबल हे दोन शक्तींच्या गुणोत्तराचं माप, दहापट म्हणजे १०). जगातला कुठलाही ऐकणारा हा फरक कानाने ओळखू शकणार नाही.

हे आकडे पाठ झालेले बरे: एसडब्ल्यूआर १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, २ असेल तर ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. त्याच क्रमाने रिटर्न लॉस, म्हणजे परत आलेला सिग्नल पाठवलेल्यापेक्षा किती कमी, १४, ९.५ आणि ६ डेसिबल. दीडच्या खाली आलात की थांबा, १.१ साठी रात्री घालवू नका.

तरी ५० ओमच्या जवळ जायचं असेल तर भुजा सरळ रेषेत न ठेवता त्यांच्यात १२० अंशांचा कोन ठेवा. इम्पिडन्स आपोआप उतरतो. वर बघणाऱ्या अँटेनासाठी हा 'व्ही' आकार सोयीचाही असतो. शेवटी आपण तोच करणार आहोत.

रेझोनन्स आणि मॅचिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच नोंदवून ठेवा. इम्पिडन्सचा रिॲक्टिव्ह भाग (ऊर्जा साठवून परत देणारा) शून्य झाला की रेझोनन्स. उरलेला शुद्ध रोध ५० ओम असेलच असं नाही. तो ७३ असू शकतो, ३६ असू शकतो, आणि जवळच्या लोखंडी ग्रिलमुळे २० ही असू शकतो.

जोडणी आणि चोक

कोॲक्सची मधली तार एका भुजेला, जाळी दुसऱ्या भुजेला. उघडी ठेवलेली टोकं दोन सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत, कारण ती लांबीही अँटेनातच मोजली जाते.

आता एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डायपोलच्या दोन बाजू सारख्या असतात, पण कोॲक्सच्या दोन बाजू सारख्या नसतात. जाळीच्या आतल्या पृष्ठभागावरून एक प्रवाह जातो आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून वेगळाच प्रवाह वाहू शकतो. अँटेनाला जाळी जिथे जोडली तिथे प्रवाहाला दोन वाटा मिळतात: भुजेकडे किंवा केबलच्या बाहेरून खाली. म्हणजे केबल ही अँटेनाची तिसरी भुजा होते. मग केबल हलली की रीडिंग बदलतं, दिशा बिघडते आणि घरातल्या चार्जरचा, एलईडी दिव्यांचा गोंगाट थेट रिसीव्हरमध्ये शिरतो.

उपाय साधा आहे. जोडणीच्या अगदी लगत, केबलवर पाच-सहा फेराइट क्लिप एकाला एक लागून बसवा, यालाच चोक म्हणतात. व्हीएचएफसाठी (आपले १४५ मेगाहर्ट्झ त्यातच येतात) ४३ क्रमांकाचं फेराइट चांगलं चालतं. आतला सिग्नल त्यातून बिनधास्त जातो, बाहेरच्या प्रवाहाची वाट अडते. केबल डायपोलला काटकोनात निदान अर्धा मीटर दूर न्या, मग खाली सोडा.

कॅलिब्रेशन: इथे घाई करू नका

नॅनोव्हीएनए सुरू केल्यावर पडद्यावर आलेख लगेच दिसतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. आधी फ्रिक्वेन्सीची मर्यादा ठरवा: १२० ते १७० मेगाहर्ट्झ. जुन्या नॅनोव्हीएनएत एका फेरीत १०१ बिंदू असतात, म्हणजे दर अर्ध्या मेगाहर्ट्झला एक. तेच तुम्ही ५० किलोहर्ट्झपासून ९०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं एकदम बघायला गेलात तर दोन बिंदूंमध्ये ९ मेगाहर्ट्झचं अंतर पडतं. आपला सबंध पट्टा दोन मेगाहर्ट्झचा आहे. तो दोन बिंदूंच्या मध्ये गडप होतो आणि माणूस म्हणतो, अँटेना चालत नाही.

मर्यादा ठरवल्यावर मेनूतून जुनं कॅलिब्रेशन पुसा. मग पहिल्या पोर्टला क्रमाने ओपन, शॉर्ट आणि लोड हे सोबत आलेले तीन तुकडे लावा, प्रत्येकासाठी दोन-तीन सेकंद थांबून बटण दाबा आणि शेवटी जपून ठेवा. मर्यादा बदलली की हे सगळं पुन्हा.

कॅलिब्रेशन कुठे करायचं? उपकरणाच्या तोंडाशी केलंत तर मोजमाप उपकरणाच्या तोंडाशी होतं, म्हणजे केबल आणि अँटेना मिळून. शक्य असेल तर केबलच्या दूरच्या टोकाला, अँटेनाच्या शेजारी करा. मग केबल हिशेबातून निघून जाते आणि दिसतो तो निखळ अँटेना. यासाठी अँटेनाच्या टोकाला एक छोटा एसएमए सॉकेट सोल्डर करून घेतलात तर पुढचे सगळे प्रयोग सोपे होतात. चोक मात्र अँटेनाच्या बाजूलाच राहिला पाहिजे.

मग पडताळा. लोड लावला तर स्मिथ चार्टवर (पडद्यावरचा गोल तक्ता, तो कसा वाचायचा ते पुढे येईल) ठिपका बरोबर मध्यभागी आला पाहिजे, ओपनला उजव्या टोकाला, शॉर्टला डाव्या टोकाला. ठिपक्याऐवजी लांब कमान दिसत असेल तर पहिल्यापासून सुरुवात करा.

पहिलं मोजमाप आणि कापणी

अँटेना लाकडी स्टुलावर ठेवून मोजू नका. सुक्या बांबूवर किंवा पीव्हीसी पाइपवर बांधून, निदान दोन मीटर उंच, मोकळ्यात धरा. खिडकीचं ग्रिल, पाण्याची टाकी, स्लॅबमधली सळई, कपडे वाळवायची तार, हे सगळं तुमच्या अँटेनाचा भाग होतं. तुमचं शरीरही होतं. हातात धरून मोजलेलं आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलेलं रीडिंग एकदा ताडून पाहा. तो फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा सांगावं लागत नाही.

५२ सेंटिमीटरच्या भुजांनी एसडब्ल्यूआरच्या आलेखातला खळगा साधारण १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास दिसेल, आवरण असलेल्या वायरीने त्याहून थोडा खाली. आता सूत्र सोपं आहे. नवी लांबी म्हणजे आत्ताची लांबी गुणिले मोजलेली फ्रिक्वेन्सी भागिले हवी असलेली. ५२ गुणिले १३७ भागिले १४५ म्हणजे ४९.१ सेंटिमीटर. प्रत्येक भुजेतून २.९ सेंटिमीटर जायला हवेत. दोनच कापा, मग परत मोजा. पुढे पाच-पाच मिलिमीटर. दोन्ही भुजांतून पाच मिलिमीटर गेले की खळगा सुमारे दीड मेगाहर्ट्झ वर सरकतो. दर वेळी दोन्ही बाजू सारख्याच कापा. कापायचा धीर होत नसेल तर टोक मागे दुमडून तारेला घट्ट पिळा, परिणाम जवळपास तोच.

प्रत्येक मापाची नोंद वहीत करा: लांबी, खळग्याची फ्रिक्वेन्सी, तिथला एसडब्ल्यूआर, उंची, जागा. पाच-सहा नोंदी झाल्या की तुमच्या वायरीसाठी १४२.५ च्या जागी कोणता आकडा लागू पडतो ते तुम्हाला मिळेल. माझ्याकडे प्रत्येक प्रकारच्या वायरीसाठी असा वेगळा आकडा लिहिलेला आहे आणि कुठल्याही पुस्तकी सूत्रापेक्षा मी त्यावर जास्त विसंबतो.

स्मिथ चार्टला भिऊ नका

बेल लॅबोरेटरीमधल्या फिलिप स्मिथने हा तक्ता १९३९ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तो आकडेमोड वाचवण्यासाठी होता. आज आकडेमोड यंत्र करतं, तरी तो टिकला, कारण काय चुकलं ते तो एका नजरेत सांगतो. मध्यबिंदू म्हणजे ५० ओम. आडवी मधली रेषा म्हणजे शुद्ध रोध. वरचा अर्धा भाग इंडक्टिव्ह, खालचा कपॅसिटिव्ह. १४५ वर मार्कर ठेवा. तो वरच्या अर्ध्यात असेल तर डायपोल लांब आहे, कापा. खालच्या अर्ध्यात असेल तर आखूड झाला. रेषेवर असेल पण मध्यबिंदूच्या उजवीकडे, तर लांबी बरोबर आहे आणि रोध ५० पेक्षा जास्त आहे, तेव्हा भुजांमधला कोन कमी करा. हे वाचन अँटेनाच्या टोकाशी कॅलिब्रेशन केलं असेल तरच खरं. मध्ये केबल आली की सगळा ट्रेस (आलेखाची रेघ) केंद्राभोवती फिरलेला दिसतो आणि वर-खालीचा अर्थ हरवतो.

केबल वाईट बातमी लपवते

एका पावसाळ्यानंतर माझ्या गच्चीवरच्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर खालून मोजला तर २.३ आला. फार छान नव्हता, पण 'चालेल' म्हणून मी तीन आठवडे तसाच काढला. ऐकू फारसं येत नव्हतं, त्याचा दोष मी हवामानाला देत होतो. वर जाऊन पाहिलं तेव्हा एक भुजा कनेक्टरमधून निघून पडली होती. मी तीन आठवडे रिकाम्या केबलचं टोक मोजत होतो.

हे कसं झालं ते समजून घ्या, कारण ते प्रत्येकाच्या बाबतीत होतं. १४५ मेगाहर्ट्झला २० मीटर आरजी-५८ मध्ये साधारण ४ डेसिबल जातात. सिग्नल वर जाताना ४ डेसिबल गेले, तुटक्या टोकावरून पूर्ण परत फिरला, उतरताना आणखी ४ गेले. खाली मीटरला ८ डेसिबलचा रिटर्न लॉस दिसला, म्हणजे एसडब्ल्यूआर २.३. अँटेना असो की नसो, त्याहून वाईट रीडिंग ती केबल दाखवूच शकत नाही. केबल जितकी खराब, तितका खालचा आकडा देखणा.

त्यामुळे दोन सवयी लावून घ्या. पहिली, केबलचा ऱ्हास आधी स्वतंत्र मोजा: दूरचं टोक उघडं ठेवून रिटर्न लॉस वाचा आणि त्याच्या निम्मा धरा. तो आकडा केबलवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. दुसरी, नुसत्या एका फ्रिक्वेन्सीचा आकडा पाहू नका, ५० मेगाहर्ट्झ रुंद आलेख पाहा. जिवंत डायपोलचा आलेख खोल दरीसारखा असतो. मेलेल्या केबलचा आलेख माळरानासारखा सपाट, फार तर थोड्या लाटा.

फक्त ऐकायचं असेल तर डिश टीव्हीची ७५ ओमची आरजी-६ केबल वापरायला कचरू नका. तिच्यात १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ पेक्षा बराच कमी ऱ्हास होतो, ती स्वस्त आहे, आणि सरळ डायपोलच्या ७३ ओमशी तिचं चांगलं जमतं.

चोकची परीक्षाही इथेच करा. आलेख चालू ठेवून केबल मधोमध मुठीत धरा, मूठ वर-खाली सरकवा. ट्रेस स्थिर राहिला तर चोक काम करतोय. हलला तर आणखी क्लिप लावा.

गेन आणि दिशा

इथपर्यंत आपण अँटेना सिग्नल घेतो का एवढंच पाहिलं. तो कुठे पाठवतो, हे रिटर्न लॉस सांगत नाही. डायपोलचा गेन मोकळ्या जागेत २.१५ डीबीआय असतो, म्हणजे सगळीकडे सारखा पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनापेक्षा २.१५ डेसिबल जास्त. जाहिरातीत '६ डीबी गेन' असं मोघम लिहिलं असेल तर कशाच्या तुलनेत ते विचारा. डायपोलच्या तुलनेत असेल तर तो ८.१५ डीबीआय होतो.

घरी करण्यासारखं मोजमाप तुलनेचं आहे. सारखेच दोन डायपोल बनवा, एकमेकांपासून १० मीटरवर, समांतर आणि जितके उंच जमतील तितके लावा. नॅनोव्हीएनएच्या दोन्ही पोर्टांना जोडा. आधी केबलींची टोकं एकमेकांना जोडून थ्रू कॅलिब्रेशन करा, म्हणजे केबलचा ऱ्हास वजा होईल. १४५ मेगाहर्ट्झला १० मीटरचा मोकळ्या जागेतला ऱ्हास ३५.७ डेसिबल. दोन डायपोलचे मिळून ४.३ परत मिळतात. तेव्हा एस२१, म्हणजे पहिल्या पोर्टातून निघून दुसऱ्यात पोहोचलेला सिग्नल, साधारण उणे ३१ डेसिबल यायला हवा. प्रत्यक्षात तीन-चार डेसिबल इकडेतिकडे होईल, कारण जमिनीवरून परावर्तित होऊन आलेली लाट थेट लाटेत मिसळते. दोन्ही अँटेना थोडे वर-खाली करून चार-पाच मापं घ्या, त्यांची पसरण बघा. पसरण तीन डेसिबलची असेल तर 'माझ्या नव्या अँटेनाचा गेन अर्ध्या डेसिबलने वाढला' असं म्हणायला आधार उरत नाही.

आता एक अँटेना स्थिर ठेवून दुसरा दर १५ अंशांनी फिरवा आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा वर्तुळाकार कागदावर मांडा. दोन्ही आडवे असतील तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती उमटेल: तारेला काटकोनातल्या दिशेला जोर, टोकांच्या दिशेला शांतता. मोकळ्या मैदानात टोकाकडे २० डेसिबलपर्यंत घट दिसते, इमारतींमध्ये परावर्तनांनी ती भरून निघते. मग एक आडवा, एक उभा करून पाहा. सिग्नल धाडकन पडेल. पोलरायझेशन म्हणतात ते हेच. दूरदर्शनच्या जमान्यात गच्चीवरचे यागी अँटेना सगळे आडवे असायचे ते प्रक्षेपणाचं पोलरायझेशन आडवं असल्यामुळे. हातात धरायच्या वॉकीटॉकीचा अँटेना उभा असतो, म्हणून त्याच्याशी बोलायचं तर तुमचा डायपोलही उभाच हवा.

नॅनोव्हीएनएऐवजी आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) वापरून दूरच्या केंद्राचा सिग्नल मोजत असाल तर ऑटोमॅटिक गेन बंद करा. तो चालू राहिला तर सिग्नल पडला की डोंगल स्वतःच गेन वाढवतं आणि तुमची आकृती खोटीच गोल येते.

अंतर किती असावं यालाही नियम आहे. मोठ्या अँटेनासाठी: व्यासाचा वर्ग, गुणिले दोन, भागिले तरंगलांबी. त्याच्या आत मोजलं तर आकृती अजून घडलेली नसते. आपल्या एका मीटरच्या डायपोलला या हिशेबाने मीटरभरही पुरतं, पण छोट्या अँटेनापासून निदान काही तरंगलांब्या दूर राहावं, म्हणून १० मीटर. तोच नियम नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला लावा. तिथल्या ३० डिश प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. १४०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २१ सेंटिमीटर. उत्तर येतं १९ किलोमीटर! एवढ्या लांब, डिशच्या समोर ट्रान्समीटर कुठे टांगणार? म्हणून खगोलशास्त्रज्ञ आकाशातल्या ओळखीच्या, ज्ञात तीव्रतेच्या रेडिओस्रोतांकडे डिश रोखतात आणि त्यांच्यावरून तिचं मोजमाप करतात. खोडदला गेलात तर डिशचा पृष्ठभाग जवळून पाहा. पत्रा नाही, तारेची जाळी आहे. २१ सेंटिमीटरच्या लाटेला सेंटिमीटरभराची भोकं दिसतच नाहीत, आणि वारा त्यातून निघून जातो.

सिम्युलेशन कधी

पहिला अँटेना कापून झाल्यावर, आधी नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेलं एनईसी-२ हे गणिती इंजिन आजही फुकट मिळणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅमच्या पोटात आहे. विंडोजवर फोर-एनईसी-टू, लिनक्सवर एक्सएनईसी-टू-सी. तुमचाच डायपोल त्यात भरा: लांबी, तारेची त्रिज्या, उंची. तार विषम संख्येच्या तुकड्यांत विभागा, २१ म्हणा, म्हणजे फीड (केबल जोडण्याची जागा) बरोबर मधल्या तुकड्यावर बसेल. व्यासाच्या जागी त्रिज्या लिहायची हे विसरू नका. मग जमीन चालू-बंद करून, उंची बदलून पाहा आणि वहीतल्या मोजमापांशी ताडा. जिथे जुळत नाही तिथे सहसा केबल, चोक किंवा शेजारचं लोखंड निघतं, कारण ते तुम्ही मॉडेलमध्ये घातलेलंच नसतं.

गच्चीवर लावताना

विजेच्या तारांच्या आसपास अँटेना उभारू नका. पाइप हातातून सुटून पडला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही एवढं अंतर ठेवा. यात तडजोड नाही. वळवाचे ढग दिसले की केबल रिसीव्हरपासून काढून घराबाहेर ठेवा. नॅनोव्हीएनए तर अशा हवेत जोडूच नका, त्याचं इनपुट साध्या स्थिर विद्युतभारानेही जातं. त्याच्या पोर्टला ट्रान्समीटर चुकूनही लावायचा नाही.

पाणी कोॲक्सच्या जाळीतून केशिकेसारखं चढतं आणि मीटर-दोन मीटर आत जातं. जोडणी एम-सीलने भरा, वर टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर कौलांसारखे बसतील. केबल अँटेनापासून निघाल्यावर तिला खाली झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल. कोकणात खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं, तिथे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जोडणी उघडून पाहावी लागते.

आकाशाकडे

भुजांमधला कोन १२० अंश, 'व्ही' जमिनीला समांतर, वर मोकळं आकाश. रिसीव्हर १४५.८२५ मेगाहर्ट्झ, एफएम. अंतराळस्थानकावरचं हौशी रेडिओचं पॅकेट केंद्र (छोटे डिजिटल संदेश पाठवणारं) बहुतेक वेळा इथे चालू असतं. अंतराळवीर शाळांशी बोलतात तेव्हा त्यांचा आवाज १४५.८०० वर येतो. पासच्या, म्हणजे स्थानक आपल्या आकाशातून जाण्याच्या, वेळा मोबाइलवरच्या कुठल्याही उपग्रह ॲपमध्ये मिळतील. एक पास जास्तीत जास्त दहाएक मिनिटांचा.

स्थानक क्षितिजावर असताना २००० किलोमीटरपेक्षा दूर असतं, डोक्यावर आल्यावर सुमारे ४०० वर. नुसत्या अंतरामुळे पंधराएक डेसिबलचा फरक पडतो, तेव्हा सुरुवातीला काही ऐकू आलं नाही तर धीर धरा. येताना फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर आणि जाताना तितकीच खाली सरकलेली असेल. एसडीआरच्या पडद्यावर ती तिरकी रेघ दिसतेच.

हवामान उपग्रहांची चित्रं घ्यायची असतील तर भुजा साधारण ५२ सेंटिमीटरच्या करा आणि रशियाच्या मिटिओर उपग्रहांसाठी १३७.९ मेगाहर्ट्झ लावा. जुन्या लेखांमध्ये नोआ-१५, १८ आणि १९ ची नावं सापडतील. ते तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले, त्यांच्यासाठी रात्र जागू नका.

पहिल्या पासला वहीत लिहा: पहिलं पॅकेट किती वाजता, शेवटचं किती वाजता, मध्ये सिग्नल कुठे बुडाला. दुसऱ्या पासला 'व्ही' ९० अंश फिरवून तेच पुन्हा लिहा. बुडण्याची जागा बदलली असेल, तर गच्चीवर १५-१५ अंशांनी काढलेली ती आठच्या आकड्याची आकृती आता आकाशात उमटलेली तुम्ही पाहिलीत.